धर्माचरण आणि देहस्वास्थ्य : कार्यकारणभावाची एक चिकित्सा

ईश्वरभक्तीने शरीर निरोगी राहते, नवस फेडल्याने रोग हटतो, उपासतापासाने देह शुद्ध होतो, या समजुती कोणत्याही संशोधनाची वाट पाहत थांबलेल्या नव्हत्या. त्या लोकव्यवहारात पूर्वापार चालत आलेल्या आहेत, आणि जगातील बहुतेक धर्मांत त्यांचे कोणते ना कोणते रूप आढळते. तथापि गेल्या सुमारे दीडशे वर्षांत या समजुतींना एक नवे वळण लागले आहे. धर्माचरणाचा देहस्वास्थ्याशी असलेला संबंध आता आकड्यांनी मोजला जातो. त्यावर वैद्यकीय नियतकालिकांतून निबंध प्रसिद्ध होतात. आणि त्या निबंधांचे निष्कर्ष एका बाजूने श्रद्धेचा विजय म्हणून, तर दुसऱ्या बाजूने श्रद्धेचा पराभव म्हणून मिरविले जातात. या वाङ्मयाची चिकित्सा करताना मुख्य प्रश्न धर्म सत्य की असत्य हा नव्हे. ज्यास कारण म्हटले जाते ते खरोखर कोणत्या अर्थाने कारण आहे, हा तो प्रश्न होय. या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दोन्ही पक्षांच्या हातून सारखीच चूक घडलेली दिसते.

या चिकित्सेसाठी उपयुक्त असे एक साधन भारतीय न्यायशास्त्रात तयार आहे. नैयायिकांच्या मते कारण म्हणजे कार्याच्या पूर्वी नियमाने असणारे आणि शिवाय अन्यथासिद्ध नसणारे असे काही. केवळ आधी असणे पुरेसे नाही. घट तयार होण्यापूर्वी कुंभार, चाक, दंड आणि माती ही असतात. तसेच ज्याच्या पाठीवरून माती आणली ते गाढवही असते. पण गाढव घटाचे कारण नव्हे. माती दुसऱ्या कोणत्याही वाटेने आली असती तरी घट झालाच असता. म्हणून ते अन्यथासिद्ध. येथवरचा विचार सर्वपरिचित आहे. त्याच्या जोडीला नैयायिकांनी जी दुसरी मर्यादा घातली आहे तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. कारण पुष्कळदा मध्यस्थ व्यापाराच्या द्वारे कार्य घडविते. कुऱ्हाड लाकडाशी होणाऱ्या संयोगाच्या द्वारे छेद करते. या व्यापारामुळे मूळ कारण निकामी ठरत नाही. यागाने स्वर्ग मिळतो तो अपूर्वाच्या द्वारे, म्हणून याग अन्यथासिद्ध होत नाही, हे या नियमाचे प्रसिद्ध उदाहरण. सारांश, कारणाची प्रतिज्ञा करणाऱ्याने व्यापार दाखविला पाहिजे. आणि व्यापार दाखविला गेल्यावर, ‘मग मूळ कारणाचे काहीच नाही’ असे प्रतिपक्षाने म्हणता कामा नये. प्रस्तुत विषयातील बहुतेक गोंधळ या दोन अटींपैकी एकीच्या उल्लंघनातून उद्भवलेला आहे.

प्रार्थनेच्या फलाची सांख्यिकीच्या मार्गाने परीक्षा करण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ साली ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या इंग्रजी नियतकालिकात केला. त्यांची युक्ती सरळ होती. इंग्लंडच्या चर्चमधून राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी सार्वजनिक प्रार्थना नित्य होते. प्रार्थनेत बल असेल तर राजकुलातील माणसे अधिक जगली पाहिजेत. गॉल्टन यांनी डॉ. गाय यांनी केलेले १७५८ ते १८४३ या काळातील कोष्टक घेतले. त्यात वयाची तीस वर्षे ओलांडलेल्या पुरुषांचे सरासरी मृत्युवय वर्गवारीने दिले होते आणि अपघाती मृत्यू वगळलेले होते. राजकुलातील ९७ व्यक्तींची सरासरी ६४.०४ वर्षे निघाली, आणि ती सर्व वर्गांत कमी होती. धर्मोपदेशकांची सरासरी ६९.४९, वकिलांची ६८.१४ आणि वैद्यांची ६७.३१ होती. धर्मोपदेशकांचा हा अल्प अधिकपणा गॉल्टन यांनी त्यांच्या ग्रामीण आणि निवांत जीवनक्रमाकडे लावला. आणि चरित्रकोशांतील नामांकित व्यक्तींची तुलना केली असता हा अधिकपणा उरत नाही, हेही दाखविले.

गॉल्टन यांचा निबंध धीट आहे आणि त्याची शैली मर्मभेदी आहे. परंतु त्यांच्या प्रमाणाचे मूल्य मर्यादित आहे. राजकुलातील व्यक्तींचा आहारविहार, त्यांचे कुलपरंपरागत विकार आणि त्यांच्यामागे लागलेले वैद्य हे सारे इतर वर्गांहून भिन्न होते. प्रार्थना वजा केली असता त्यांची सरासरी किती आली असती, हे कोष्टकावरून कळत नाही. म्हणजे अन्वय तपासला गेला, पण व्यतिरेक तपासला गेला नाही. शिवाय वर्षानुवर्षे ठरलेल्या शब्दांत म्हटली जाणारी राजाविषयीची प्रार्थना ही भक्ताची आर्त विनवणी मानावी काय, हाही प्रश्न आहे. असे असले तरी गॉल्टन यांच्या निबंधाच्या अखेरीस एक कबुली आहे, आणि तिला नंतरच्या इतिहासात फार महत्त्व आले. प्रार्थनेने प्रार्थना करणाऱ्याच्या मनास उभारी येते, त्याचा क्लेश हलका होतो, हे त्यांनी नाकारले नाही. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे फल आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या देहमनावरील परिणाम हे दोन प्रश्न भिन्न आहेत, ही जाणीव येथे उमटली होती. पुढे ती बहुतांशी विसरली गेली.

या विस्मरणाचे उत्तम उदाहरण म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेले परार्थ प्रार्थनेचे प्रयोग. १९८८ साली रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील हृद्रोग-दक्षता विभागातील ३९३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील १९२ रुग्णांसाठी प्रार्थना करविण्यात आली आणि २०१ रुग्णांसाठी करविण्यात आली नाही. काही लक्षणांत प्रार्थित रुग्णांची स्थिती बरी आढळली. परंतु अनेक लक्षणे तपासली असता त्यांपैकी काही केवळ योगायोगाने अनुकूल निघतात, हा आक्षेप या निष्कर्षावर लगेच आला, आणि तो योग्य होता. हा आक्षेप दूर करण्यासाठी हर्बर्ट बेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांत १,८०२ हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर मोठा प्रयोग केला. तो २००६ साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये आला. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही असे सांगितले होते. त्यांपैकी एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटास प्रार्थना निश्चित होईल असे सांगितले होते आणि ती झाली. शस्त्रक्रियेनंतर उपद्रव उद्भवण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ५२, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात ५९ निघाले. म्हणजे प्रार्थनेचा लाभ दिसला नाही. आणि प्रार्थना होत आहे हे ठाऊक असलेल्यांची स्थिती किंचित वाईटच दिसली. हे शेवटचे आधिक्य योगायोगाचे असू शकेल; अथवा आपल्यासाठी प्रार्थना करवावी लागते म्हणजे आपली अवस्था गंभीर असली पाहिजे, या शंकेने रुग्ण धास्तावले असतील.

या प्रयोगाची शिस्त निर्दोष असली तरी त्याची मूळ कल्पना सदोष आहे. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिले होते; प्रार्थनेतील एक ठराविक वाक्य सर्वांना सारखे नेमून दिले होते; आणि रुग्णांचे आप्तेष्ट घरी जी प्रार्थना करीत असतील तिला प्रतिबंध नव्हता, तसा तो असणे शक्यही नव्हते. तेव्हा दुसरा गट हा प्रार्थनेविना राहिलेला गट नव्हेच. औषधाप्रमाणे प्रार्थनेची मात्रा ठरवून ती एकास द्यावी व दुसऱ्यास न द्यावी, या कल्पनेत कोणत्याही धर्मातील उपासक आपली उपासना ओळखणार नाही. पण श्रद्धावंतांनीही या दोषाचा आधार घेऊन सुटका करून घेणे उचित नाही. १९८८ चे निष्कर्ष ज्यांनी प्रमाण म्हणून स्वीकारले होते, त्यांना २००६ चे निष्कर्ष पद्धतीच्या सबबीवर नाकारता येत नाहीत.

या बाबतीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’चा डिसेंबर २००१ चा एक अंक विशेष मननीय आहे. त्यात लिओनार्ड लायबोविची यांचा एक निबंध आहे. इस्रायलमधील एका रुग्णालयात १९९० ते १९९६ या काळात रक्तदोषाचा संसर्ग होऊन दाखल झालेल्या ३,३९३ रुग्णांची जुनी नोंद घेऊन त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले आणि २००० साली, म्हणजे रुग्ण बरे होऊन गेल्यावर किंवा मरून गेल्यावर, एका गटासाठी प्रार्थना करविली. प्रार्थित गटाचा रुग्णालयातील मुक्काम आणि ज्वराचा काळ कमी भरला! हा निबंध परिहासाचा होता, आणि परिहासामागील मुद्दा गंभीर होता : ज्याचा व्यापार कल्पिताही येत नाही अशा गोष्टीला केवळ आकड्यांच्या अनुकूलतेने कारणत्व येत नाही. त्याच अंकात लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांचा दुसरा निबंध आहे. २३ निरोगी व्यक्तींकडून त्यांनी एकदा लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एकदा बौद्धांचा ‘ॐ मणिपद्मे हूँ’ हा मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनी श्वसनाची गती मिनिटास सुमारे सहावर आली, आणि त्या लयीत रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनक्षम झाली. येथे दोन भिन्न धर्मांतील दोन भिन्न मंत्र एकाच व्यापाराच्या द्वारे, म्हणजे श्वासाच्या लयीच्या द्वारे, देहावर परिणाम करतात. एकाच अंकातील हे दोन निबंध शेजारी ठेवले म्हणजे विषयाची खरी विभागणी स्पष्ट होते. पहिल्यात आकडे आहेत पण व्यापार नाही. दुसऱ्यात फल लहान आहे, परंतु व्यापार डोळ्यांसमोर आहे.

व्यापाराचा शोध घेत पाहिल्यास धर्माचरणाच्या आरोग्यफलाची बरीच प्रमाणे मिळतात. कॅलिफोर्नियातील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक तंबाखू व मद्य वर्ज्य करतात आणि त्यांच्यापैकी अनेकजण शाकाहारी असतात. फ्रेझर व शाव्हलिक यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे तीस वर्षे वयाच्या ॲडव्हेंटिस्ट पुरुषांचे अपेक्षित आयुष्य त्या राज्यातील इतर गौरवर्णीयांहून ७.२८ वर्षांनी व स्त्रियांचे ४.४२ वर्षांनी अधिक भरले. यावर नेहमीचा आक्षेप असा की, हा प्रभाव धर्माचा नसून केवळ तंबाखूच्या वर्जनाचा व आहाराचा आहे; धर्म हे माती वाहणारे गाढव आहे. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तंबाखू दुसऱ्या कारणाने सोडणाऱ्यासही तोच लाभ होईल, हे निर्विवाद. परंतु या विशिष्ट समाजात हजारो माणसांनी जन्मभर जो संयम पाळला तो त्यांच्या श्रद्धेतून उत्पन्न झाला. संयम हा येथे व्यापार आहे. आणि व्यापार दाखविल्याने व्यापार घडविणारे कारण निकामी होत नाही, हा नियम वर सांगितलाच आहे. ‘केवळ’ हा एक शब्द आक्षेपातून काढून टाकला म्हणजे आक्षेपाचे रूपांतर स्पष्टीकरणात होते.

याहून बिकट प्रश्न कारणकार्याच्या उलटापालटीचा आहे. जो नियमाने चर्चला किंवा देवळात जातो तो जगतो, की जो धडधाकट आहे तोच तेथवर जाऊ शकतो? हा आक्षेप रिचर्ड स्लोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये नेटाने मांडला. त्यानंतरच्या अभ्यासांना त्याचे उत्तर द्यावेच लागले. शान्शान ली, टायलर व्हँडरवील व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली ७४,५३४ अमेरिकन परिचारिकांच्या १९९६ ते २०१२ या काळातील नोंदींवरून जो निष्कर्ष काढला त्यात धर्मसभेची उपस्थिती पुनःपुन्हा विचारलेली होती आणि पूर्वीचे आरोग्यही लक्षात घेतले होते. आठवड्यात एकाहून अधिक वेळा उपस्थित राहणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांहून शेकडा ३३ ने कमी आढळले. त्यातील काही भाग धूम्रपान न करण्याने, काही सामाजिक आधाराने, काही औदासीन्य कमी असण्याने व आशावादाने स्पष्ट होतो. सर्व होत नाही. तथापि हा अभ्यास बहुतांशी ख्रिस्ती आणि सुशिक्षित स्त्रियांचा आहे. त्यावरून ‘धर्म’ या सामान्य शब्दाविषयी सिद्धान्त करणे म्हणजे एका व्यक्तीवरून जातीचे लक्षण ठरविण्यासारखे होय.

संगतीचा लाभ हा धर्माचा लाभ म्हणावा काय, या प्रश्नावर इस्रायलमधील एका अभ्यासाने चांगला प्रकाश पडतो. जेरेमी कार्क व सहकाऱ्यांनी १९९६ साली अकरा धार्मिक आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या अकरा निधर्मी किब्बुत्झांची तुलना प्रसिद्ध केली. किब्बुत्झ ही सामुदायिक वसाहत. श्रम, मिळकत आणि जेवणखाण यांची व्यवस्था समाईक. तेव्हा संगती व परस्पराधार दोन्हीकडे होते. १९७० ते १९८५ या सोळा वर्षांत पस्तीस वर्षांवरील सुमारे ३,९०० स्त्रीपुरुषांपैकी २६८ मृत्यू पावले, त्यांपैकी ६९ धार्मिक वसाहतींत व १९९ निधर्मी वसाहतींत. वयाचा हिशेब जमेस धरता निधर्मी वसाहतींतील मृत्युप्रमाण जवळजवळ दुप्पट ठरले. व्यतिरेकाच्या दृष्टीने ही तुलना या वाङ्मयातील उत्तम तुलनांपैकी एक होय, कारण संगती हा घटक दोहोंकडे जवळपास समान ठेवूनही अंतर उरते. जे उरते त्यास श्रद्धा म्हणावे, नियमबद्ध दिनचर्या म्हणावे, की सातव्या दिवसाच्या विश्रांतीचे फल म्हणावे, याचा निर्णय या अभ्यासाने होत नाही. पण ‘धर्म म्हणजे शेवटी माणसांची संगत’ हे सुटसुटीत समीकरण त्याने अपुरे ठरविले आहे.

भारतीय भूमीवरील एका अभ्यासाचा निर्देश येथे आवश्यक आहे. अलाहाबादच्या (२०१८ पासून प्रयागराजच्या) माघमेळ्यात कल्पवासी महिनाभर गंगेच्या वाळवंटात तंबूंत राहतात, पहाटेच्या थंडीत स्नान करतात, मिताहार पाळतात. गोंगाट, थंडी आणि गर्दी पाहता वैद्यकाने तेथे रोगच शोधावेत. शृती तिवारी, संमीह खान, निक हॉपकिन्स, नारायणन् श्रीनिवासन् आणि स्टीफन राइशर यांनी २०११ च्या मेळ्यात ४१६ कल्पवासी आणि मेळ्यास न गेलेल्या १२७ व्यक्ती यांना मेळ्याच्या आधी सुमारे महिनाभर व नंतर सुमारे महिनाभराने प्रश्न विचारले. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कल्पवाशांचे स्वास्थ्य त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे सुधारले होते. इतरांत तसा फरक आढळला नाही. याच संशोधकवर्गाच्या पुढील कामात मेळ्यातील ‘आम्ही’पणाची जाणीव हा मध्यस्थ व्यापार म्हणून पुढे आला. या अभ्यासाची मर्यादा अशी की स्वास्थ्य येथे मोजलेले नसून सांगितलेले आहे, आणि पुण्यप्राप्तीच्या समाधानात मनुष्य आपली दुखणी कमी सांगतो हे उघड आहे. आळंदी व देहूहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या आषाढी वारीचा असा अभ्यास करावयाचा झाल्यास हे निष्कर्ष जसेच्या तसे तिला लावता येणार नाहीत. वारीत चालणे हाच स्वतंत्र व्यायाम आहे. त्याचे फल नामस्मरणाच्या व दिंडीतील सहवासाच्या फलापासून वेगळे करण्याची योजना अभ्यासाच्या आरंभीच करावी लागेल.

आणि समुदायाचा व्यापार एकाच दिशेने चालत नाही, हेही विसरता येत नाही. १८६७ च्या हरिद्वार कुंभमेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकीची साथ उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. तेच तीर्थ, तीच श्रद्धा, तोच सहवास. परंतु दूषित पाण्याच्या द्वारे फल विपरीत. धर्माचरण आरोग्यकारक की रोगकारक, हा प्रश्न म्हणूनच अपुऱ्या शब्दांत विचारलेला प्रश्न आहे. कोणते आचरण, कोणाच्या देहावर, कोणत्या व्यापाराने, ही तीन पदे भरल्याखेरीज त्यास उत्तर नाही.

या चिकित्सेचे महत्त्व केवळ पंडितांच्या वादापुरते नाही. कारणाची सैल कल्पना रुग्णशय्येपाशी पोचते तेव्हा ती जीवघेणी ठरू शकते. अ‍ॅसर व स्वान यांनी १९९८ साली अमेरिकेतील श्रद्धोपचारी पंथांत १९७५ ते १९९५ या काळात मरण पावलेल्या १७२ बालकांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४० बालकांचे विकार असे होते की वैद्यकीय उपचार झाले असते तर वाचण्याची शक्यता शेकडा ९० हून अधिक होती. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे हा अपराध ठरविला आहे, तो याच कारणाने. सर्पविष उतरविण्याचा व्यापार प्रतिविषाच्या लशीत आहे, मंत्रात नाही. जपाने श्वास संथ होतो या प्रमाणाचा तेथे लेशमात्र उपयोग नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. श्रद्धावान दीर्घायुषी होतात असे एकदा सामान्य विधान केले की, जो आजारी पडला त्याची श्रद्धा उणी होती, हे अनुमान फार दूर राहत नाही. सरासरीविषयीचे विधान व्यक्तीच्या चारित्र्याविषयीचा निवाडा बनते, आणि व्याधीने गांजलेल्या माणसाच्या माथी अपराधाचा भार येतो. वैद्याने रुग्णास धर्माचरण लिहून द्यावे काय, या वादात स्लोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्मिक दृष्टान्त दिला आहे : विवाहितांचे आयुष्य अधिक असते असे आकडे सांगतात, म्हणून कोणी वैद्य अविवाहित रुग्णास विवाहाची सूचना करीत नाही. या दृष्टान्तात आणखी एक गोष्ट गृहीत आहे. विवाहाप्रमाणेच उपासनेचे प्रयोजन तिच्यापाशीच असते. आयुष्यवृद्धीच्या हेतूने केलेला जप श्वास संथ करील. परंतु ज्या श्रद्धेने किब्बुत्झांतील माणसे जन्मभर एका शिस्तीत राहिली ती श्रद्धा त्या हेतूतून उत्पन्न होणार नाही. सकाम आणि निष्काम उपासना यांत परंपरेने केलेला भेद येथे प्रयोगाच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण ठरतो.

एकूण या वाङ्मयाचा निष्कर्ष मर्यादित परंतु पक्का आहे. दुसऱ्यासाठी दुरून केलेल्या प्रार्थनेचे देहफल सिद्ध झालेले नाही. उपासकाच्या स्वतःच्या देहावर मात्र संयम, लय, सहवास आणि नियमित दिनचर्या यांच्या द्वारे धर्माचरणाचा परिणाम घडतो, आणि तो कधी हितकर तर कधी घातक असतो. ज्यांना यात केवळ तंबाखू व संगत दिसते त्यांनी व्यापार पाहिला, पण तो व्यापार घडविणारे कारण पाहिले नाही. ज्यांना यात श्रद्धेचा चमत्कार दिसतो त्यांनी कारण मानले, पण व्यापार दाखविला नाही. पुढील संशोधकाने या दोहोंची जबाबदारी एकाच वेळी पत्करली पाहिजे. आणि आपल्या निष्कर्षाचा शब्द न् शब्द रोग्याच्या कानी जाणार आहे, हे ध्यानी ठेवूनच तो लिहिला पाहिजे.